रुळांवरचा क्लच स्टँड: चिरे ओढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी घ्यावा का?

जीपचा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवला की झालं. ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात, तोच त्याचा कणा. त्यामुळे एका क्लच प्लेटसाठी सुमारे दोन टनांचा ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. चिरेखाणीतून भरलेली ट्रॉली घाटी चढवायची आणि जूनमध्ये केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं) लावून चिखलणीत उतरायचं, असं दुहेरी काम करणाऱ्या कोकणातल्या ट्रॅक्टरवर ही वेळ लवकर येते. जॅक, ओंडके आणि चार माणसं घेऊन हे काम करण्याऐवजी आता घाटावर तयार होणारा, ट्रॅक्टरचे दोन्ही भाग पेलून वेगळे सरकवणारा रुळांवरचा स्टँड वापरता येतो.

यात चॅनलचे दोन रूळ, मागच्या भागासाठी स्क्रूवर वरखाली होणारी घोडी, इंजिनाखाली चाकांची गाडी आणि पुढच्या एक्सलसाठी दोन लोखंडी पाचरी येतात. पाचरींना कमी लेखू नका. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो. दोन्ही बाजूंना पाचर ठोकली नाही, तर ट्रॅक्टर सुटताक्षणी इंजिन कलतं. किटमधल्या पाचरी गुळगुळीत असल्याने सटकतात. त्यांच्याऐवजी आईनाच्या लाकडाच्या पाचरी करून घ्या, त्या घट्ट धरतात.

सोडवण्यापूर्वी पुढची वजनं उतरवायची, बॅटरीची वायर काढायची, डिझेल बंद करायचं. पॉवर स्टिअरिंगचे पाइप काढून त्यांची तोंडं लगेच बंद करा. कोकणातली लाल धूळ आत गेली की पंप खराब होतो. बोल्ट काढताना समोरासमोरची दोन भोकं हेरून तिथे डोकं कापलेले लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून बसवा. ट्रॅक्टर सरळ सरकतो आणि जोडताना हेच बोल्ट सर्वात जास्त कामाला येतात.

स्टँडची खरी किंमत जोडतानाच कळते. ओंडक्यांवर दोन भाग एका रेषेत आणायला अर्धा दिवस जातो. इथे घोडीचा स्क्रू थोडा फिरवला की उंची जुळते. तरीही शेवटचं अर्धा-एक सेंटिमीटर अंतर राहिलं, तर बोल्ट आवळून ते मिटवू नका. त्याचा अर्थ गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत बसलेले नाहीत, किंवा शाफ्टचं टोक इंजिनामागच्या जड चाकातल्या, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या, पायलट बेअरिंगमध्ये गेलेलं नाही. बोल्टांनी ओढलं की प्लेटचा हब वाकतो, नाहीतर हाऊसिंगचा कान तुटतो. गिअर टाकून फ्लायव्हील पहारीने हळूहळू फिरवा, ड्युअल क्लच (चाकांसाठी एक आणि पीटीओसाठी दुसरी प्लेट) असेल तर मागून पीटीओचा, म्हणजे अवजारं फिरवणारा, शाफ्टही फिरवा. दाते जुळले की ट्रॅक्टर हाताने ढकलला जातो. जोडताना प्लेट मध्यभागी धरायला जुन्या शाफ्टपासून केलेला डमी (नकली शाफ्ट) हवा. तो या किटमध्ये नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

एकदा सोडवल्यावर फक्त प्लेट बदलून थांबू नये. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचची बोटं ढकलणारं), पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील यांच्या किमतीपेक्षा पुन्हा सोडवण्याची मजुरी जास्त आहे. सील गळत असेल तर नवी प्लेट तेलाने भिजून महिनाभरात घसरू लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो घासून घ्या. क्लचच्या तिन्ही बोटांची, म्हणजे प्लेट सोडवणाऱ्या लिव्हरची, उंची सारखी हवी. एक जरी वरखाली राहिलं, तरी ट्रॉली भरून चढावर निघताना ट्रॅक्टर थरथरतो.

हाऊसिंगच्या तळाला पाणी-तेल निथळायचं भोक असतं. चिखलणीपुरतं ते बुचाने बंद केलं असेल, तर हंगाम संपताच उघडा. नाहीतर आत साचलेलं पाणी प्लेट खराब करतं. ट्रॅक्टर पावसाळ्यात बरेच दिवस उभा राहणार असेल, तर क्लच पेडल दाबून अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटत नाही.

स्टँडचे दोष मात्र डोळ्यांत भरतात. रुळांना समतल करायचे स्क्रू नाहीत. जांभ्याच्या ओबडधोबड अंगणात वाळूचा थर टाकून, पातळी लावूनच काम सुरू करावं लागतं. खाऱ्या हवेने गाडीच्या चाकांची बेअरिंगं दुसऱ्या पावसाळ्याआधीच आवळतात. सुरुवातीलाच ग्रीसचे निप्पल बसवून घ्या. रंगही पातळ आहे.

एकट्या शेतकऱ्याने तो विकत घेऊ नये, वर्षातून एकदाही काम पडणार नाही. गावातल्या चारपाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून किंवा गॅरेजने घ्यावा, आणि क्लचचं काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. चिखलणी सुरू झाल्यावर ट्रॅक्टर दोन तुकड्यांत पडून राहिला, तर भाड्याचा नांगर शोधायला लागतो.