‘आजीवन लायसन्स’ आणि धावणारा तंबोरा

संगीतासाठी सॅम्पलिंगचे, म्हणजे वाद्यांच्या मुद्रित आवाजाचे तुकडे संगणकावर वाजवण्याचे, सॉफ्टवेअर शिकू पाहणाऱ्यांनी कोणाच्या हातात पैसे ठेवण्यापूर्वी वाचावा, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. मी सांगलीतील एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. मंडळाची भजने घरीच ध्वनिमुद्रित करावीत या विचाराने गेल्या वर्षी विश्रामबागेतील एका खासगी वर्गात मी नाव घातले. शिकवणीचे ६,००० रुपये आणि ‘कॉन्टॅक्ट’ या सॅम्पलरचे (असे तुकडे वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) ‘आजीवन लायसन्स’ व ‘मिरजेच्या अस्सल तंबोऱ्याची’ सॅम्पल लायब्ररी, म्हणजे मुद्रित तुकड्यांचा संच, यांचे मिळून १२,५००, अशी एकूण १८,५०० रुपयांची रक्कम मी यूपीआयने भरली. पावती मागितल्यावर “व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, सर,” असे उत्तर मिळाले. ती आजतागायत आलेली नाही.

सॉफ्टवेअर बसवताना त्या गृहस्थांनी माझ्या लॅपटॉपवरील अँटिव्हायरस बंद केला आणि हे चालू असताना इंटरनेट जोडू नका, असे बजावले. मी तिथेच उठायला हवे होते. कॉन्टॅक्ट तयार करणाऱ्या बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची प्रत खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यावर इंटरनेटद्वारेच नोंदवावी लागते. त्यामुळे जी प्रत इंटरनेटला घाबरते ती चोरीची असणार, हे उघड आहे. मला मात्र तेव्हा त्यांच्या झरझर चालणाऱ्या बोटांचेच कौतुक वाटत होते.

संशय आला तो तंबोऱ्यामुळे. लायब्ररीतील तंबोरा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावला की पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज हे चार तारांचे आवर्तन सुमारे सहा सेकंदांत पुरे होई. आमच्या मंडळातील एक काका काळी तीनमध्ये गातात, म्हणून स्वर तिथवर चढवला, तर तेच आवर्तन साडेचार सेकंदांत संपू लागले. “तंबोरा छेडणाऱ्याला गाडी पकडायची आहे का रे?” असे काकांनी विचारले, तेव्हा सगळे हसले, मीसुद्धा. घरी येऊन फाइली उघडल्यावर कळले की बारा स्वरांसाठी बारा वेगळी मुद्रणे नव्हतीच. एकच तुकडा सॅम्पलर वेगाने किंवा सावकाश वाजवून सगळे स्वर काढत होता. अशा पद्धतीत स्वर चढला की वेगही त्याच प्रमाणात चढतो आणि जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी, गुंजही चिरकी होते. मिरजेच्या तंतुवाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावावर हा माल मला विकला गेला होता. पुढे तुकड्याच्या शेवटचा भाग आवाज वाढवून ऐकला, तेव्हा गायकाने श्वास घेतल्याचे स्पष्ट ऐकू आले. म्हणजे कोणाच्या तरी गायनाच्या मुद्रणातून तो कापलेला होता, आणि मिरजेच्या कारागिराचा त्याच्याशी काही संबंध असल्याचा कसलाही पुरावा नव्हता.

कंपनीच्या संकेतस्थळावर मी स्वतःचे खाते उघडून पाहिले. माझ्या नावे काहीच नोंदलेले नव्हते. तिथेच कॉन्टॅक्ट प्लेअर ही मोफत आवृत्ती मिळाली. तिच्यासाठी परवाना दिलेल्या लायब्ररी तिच्यावर पूर्ण चालतात, इतर लायब्ररी ठराविक मिनिटांनंतर बंद पडतात; माझी तंबोऱ्याची लायब्ररीही तशीच बंद पडली. एसएफझेड या खुल्या फाइल-स्वरूपातील सॅम्पल वाजवणारी मोफत साधनेही उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या शिक्षणाला एवढे पुरेसे होते, म्हणजे १२,५०० रुपये देण्याची गरजच नव्हती.

जाब विचारला तेव्हा “सर, सगळे असंच वापरतात,” असे ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन लागेनासा झाला आणि पंधरवड्यात खोलीलाही कुलूप लागले. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे देऊन तीन महिने उलटले होते. हा क्रमांक पहिल्या काही तासांत फिरवला तर रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता असते. माझ्याकडे पावती नव्हती, लायसन्सचा एक ओळीचा ईमेलही नव्हता. होते ते फक्त यूपीआयच्या व्यवहाराचे दोन स्क्रीनशॉट. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.

त्या तंबोऱ्यावर मुद्रित केलेली तीन भजने मी मंडळाच्या चॅनेलवरून काढून टाकली. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवले. मग मिरजेतील एका वाद्यकारांची रीतसर परवानगी घेऊन त्यांच्याच दुकानात तंबोऱ्याची एकेक तार वेगवेगळी छेडून, प्रत्येक स्वरासाठी जुळणी बदलून मुद्रण सुरू केले आहे. रस्त्यावरच्या हॉर्नमुळे आतापर्यंत पाचच स्वर नीट मिळाले आहेत, आणि काकांची काळी तीन अजून बाकी आहे.