डीबीव्हर कम्युनिटी: बागांच्या यादीतले दुबार शोधायला चांगलं, प्रायमरी की मात्र तुम्हीच ठरवा

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या याद्या पॅकहाउसकडे येतात त्या बहुधा एक्सेलमध्ये, प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम किंवा कॉलमांचा गट) नसलेल्या. त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवून तपासायला डीबीव्हर या डेटाबेस हाताळायच्या सॉफ्टवेअरची फुकट, ओपन सोर्स कम्युनिटी आवृत्ती पुरते.

टेबलाच्या प्रॉपर्टीजमध्ये कन्स्ट्रेंट्स उघडलं की प्रायमरी की आहे का ते कळतं. नसेल तर ग्रुपिंग पॅनल घ्या, ते सारख्या मूल्यांच्या ओळी एकत्र मोजतं. या सॉफ्टवेअरमधली ही सर्वांत कामाची सोय. हवे ते कॉलम त्यात ओढा, फक्त दुबार दाखवण्याचा पर्याय लावा, कोणती नोंद किती वेळा आली ते आकड्यासह येतं. ग्रिडवर, म्हणजे ओळी दाखवणाऱ्या तक्त्यावर, नुसती नजर फिरवून भागत नाही, सुरुवातीला तिथे २०० ओळीच येतात.

कोणते कॉलम ओढायचे हे मात्र सातबारा वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मोबाइल नंबर बाद, कारण एका घरातल्या तिघांच्या बागा एकाच नंबरवर असतात. गट क्रमांक एका गावापुरताच वेगळा असतो. तालुका आणि गाव जोडलं तरी वाटणी झालेल्या गटात हिस्से असतात, आणि एकाच हिश्श्यात थॉमसन व शरद या द्राक्षवाणांचे वेगळे प्लॉट. म्हणून तालुका, गाव, गट, हिस्सा, प्लॉट हे पाचही हवेत. हिस्सा रिकामा असेल तर तिथे ठरावीक मूल्य भरा. प्रायमरी की नल (रिकामं मूल्य) स्वीकारत नाही, आणि साधा युनिक निर्बंध लावला तर नल असलेल्या दुबार ओळी खुशाल आत येतात.

काही दुबार पॅनललाही दिसत नाहीत. नावामागची मोकळी जागा ट्रिमने जाते. 'बोऱ्हाडे'मधला 'ऱ' दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता असा. डोळ्यांना सारखाच, डेटाबेसला वेगळा. पोस्टग्रेस १३ पासूनचं नॉर्मलाइझ फंक्शन ते एक करतं. मध्ये अदृश्य जोडचिन्ह असेल तर ते रिप्लेसनेच काढावं लागतं.

पुसण्याचं काम ग्रिडमध्ये करू नका. की नसलेल्या टेबलात बदल करताना डीबीव्हर व्हर्च्युअल की, म्हणजे फक्त त्याच्यापुरती मानलेली की, विचारतो. सगळे कॉलम निवडले तरी हुबेहूब सारख्या दोन ओळींत फरक करायला काही उरत नाही. बॅकअप घ्या, ट्रान्झॅक्शन सुरू करा (म्हणजे कमिट करेपर्यंत बदल पक्के होत नाहीत), सारख्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक देणाऱ्या रो नंबर फंक्शनला पार्टिशन बायमध्ये तेच पाच कॉलम द्या आणि एकच्या पुढच्या ओळी सीटीआयडीवरून, म्हणजे पोस्टग्रेसमधल्या ओळीच्या अंतर्गत पत्त्यावरून, काढा. किती ओळी गेल्या ते पाहूनच कमिट. मग लगेच प्रायमरी की लावा. दुबार उरला असेल तर पोस्टग्रेस नकार देतो, आणि एररच्या डिटेलमध्ये अडलेल्या नोंदीची मूल्यं छापतो.