चालू वेब ॲपमध्ये नवी फीचर्स करून घेताना झालेली फसवणूक

आमचं अपॉइंटमेंट बुकिंगचं वेब ॲप व्यवस्थित चालू होतं. त्यात ऑनलाइन पेमेंट, आठवणीचे मेसेज आणि महिन्याचा रिपोर्ट एवढं वाढवायचं होतं. काम एका फ्रीलान्स डेव्हलपरला दिलं. चालू ॲपवर फसवणुकीचा डाव टाकणं सोपं असतं. ॲप तासभर बंद पडलं तरी आपले ग्राहक खोळंबतात, त्यामुळे वाद झाला की आपणच आधी नमतं घेणार, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

कोड आमच्या गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जपून ठेवण्याची जागा) टाकायला त्याने पहिल्यापासून टाळाटाळ केली. ‘काम संपलं की सगळं एकदम देतो’ म्हणायचा आणि बदल थेट लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या ॲपवरच करायचा. डेमो मात्र देखणा दिला. रिपोर्टमध्ये रंगीत आलेख, आकडे, सगळं होतं. त्यावर त्याने बहुतेक रक्कम घेतली.

नंतर आमच्या एका सहकाऱ्याने रिपोर्टमध्ये ॲप सुरू होण्याच्या आधीच्या वर्षाची तारीख टाकली. तरीही बुकिंगचे आकडे आले! ते आकडे कोडमध्येच लिहून ठेवलेले होते, डेटाबेसशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पेमेंटचं प्रकरण याहून गंभीर निघालं. पैसे भरून झाले की गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, ग्राहकाच्या ब्राउझरला आपल्या ‘धन्यवाद’ पानावर परत पाठवतो. पण त्यावरून पैसे आले असं धरायचं नसतं. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला वेबहुकने, म्हणजे आपोआप जाणाऱ्या निरोपाने, वेगळं कळवतो, आणि तो निरोप खरा आहे ना हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासायचं असतं. हा भाग त्याने लिहिलाच नव्हता. ते पान कुणी नुसतं उघडलं तरी बुकिंगपुढे ‘पैसे भरले’ अशी नोंद व्हायची. अपुरं काम एखाद्या वेळी समजून घेता येतं. ते पूर्ण झालं असं सांगून पैसे घेणं ही फसवणूकच आहे.

जाब विचारला त्याच रात्री ॲप उघडायचं बंद झालं. त्याने कोडमध्ये स्वतःच्या सर्व्हरला विचारणा करणारी एक तपासणी घातली होती. तिकडून होकार आला नाही की आमचं ॲप कोरं पान दाखवायचं. उरलेले पैसे पाठवा, लगेच सुरू करतो, असा त्याचा मेसेज आला. आम्ही पाठवले नाहीत. डोमेन आणि होस्टिंग आमच्या नावावर होतं आणि होस्टिंगवाल्यांकडे जुना बॅकअप होता, म्हणून तग धरता आला. दुसऱ्या प्रोग्रॅमरने जुनी आणि नवी प्रत ओळीला ओळ लावून पाहिली, तेव्हा ती तपासणी सापडली आणि लपवलेलं एक ॲडमिन खातंही.

असं काम देणार असाल तर रिपॉझिटरी तुमच्याच खात्यात असू द्या आणि रोजचा कोड रोज तिथे आलाच पाहिजे असं ठरवा. बदल आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर होऊ द्या, लाइव्ह सर्व्हरचा पासवर्ड देऊ नका. डेमो त्याच्या हातून बघू नका, स्वतः बसून वेड्यावाकड्या तारखा आणि रकमा टाका. कोडची मालकी तुमची असेल, हेही लेखी घ्या. अनेक देशांत तसं लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी.

आणि माणूस कामावरून गेला की फक्त पासवर्ड बदलून थांबू नका. एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरायच्या किल्ल्या), गेटवेच्या आणि मेसेज सेवेच्या एपीआय की (त्या सेवा वापरायचे गुप्त कोड), डेटाबेसचे युजर, सगळं बदला. क्रॉन जॉबही, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, उघडून बघा. आमच्याकडे त्याचा एक तिथे सापडला, दर रात्री डेटाबेसची प्रत बाहेर पाठवणारा. तो काढला आणि त्याच दिवशी सगळ्या ग्राहकांना कळवलं की तुमची माहिती बाहेर गेली आहे.