नमुना २०: तालुक्याच्या गावाचा कल सांगणाऱ्या सरकारी कागदाचे परीक्षण

निकाल लागल्याच्या संध्याकाळी तालुक्याच्या गावात प्रत्येकाकडे लीडचा हिशेब तयार असतो. कोणत्या आळीने उमेदवाराला तारले आणि कोणत्या वाडीने दगा दिला, हे आकडे पाहण्याआधीच ठरून गेलेले असते. हे ऐकीव हिशेब ज्यांना तपासायचे आहेत, त्यांच्यासाठी निवडणूक यंत्रणेची एक विनामूल्य सोय उपलब्ध आहे. तिचे नाव नमुना २०, म्हणजे १९६१ च्या निवडणूक नियमांखालील अंतिम निकालपत्रक. त्यात प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक ओळ आणि प्रत्येक उमेदवारासाठी एक स्तंभ असतो, आणि २०१३ पासून ‘नोटा’चाही आकडा असतो. गावाच्या राजकारणाबद्दल बोलण्यापूर्वी वाचावा असा याहून भरवशाचा कागद माझ्या पाहण्यात नाही. तो वाचणे मात्र सोपे नाही.

पहिली अडचण अशी की, ओळीच्या सुरुवातीला केंद्राचा फक्त क्रमांक असतो आणि स्तंभाच्या डोक्यावर फक्त उमेदवाराचे नाव. १४३ क्रमांकाचे केंद्र कोणत्या शाळेत भरते हे कळण्यासाठी मतदान केंद्रांची यादी, आणि उमेदवाराचा पक्ष व चिन्ह कळण्यासाठी नमुना ७-अ, म्हणजे लढणाऱ्या उमेदवारांची यादी, शेजारी घेऊन बसावे लागते. केंद्रातील एकूण मतदारांची संख्या येथे नसल्याने मतदानाची टक्केवारी निघत नाही, आणि टपाली मते कोणत्याही केंद्राच्या नावावर न पडता शेवटी एकत्र येतात. शिवाय अनेक पत्रके स्कॅन केलेल्या पानांची असल्यामुळे आकडे हातानेच उतरवून घ्यावे लागतात.

खरी कसोटी लागते ती दोन निवडणुकांची तुलना करताना. २०१९ च्या पत्रकातील ‘घड्याळ’ आणि २०२४ च्या पत्रकातील ‘घड्याळ’ यांच्यामध्ये एक अख्खी पक्षफूट आहे. ‘धनुष्यबाणा’चीही तीच गोष्ट. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटल्यावर चिन्हे एका गटाकडे गेली आणि दुसऱ्यांनी ‘मशाल’ व ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेतली. त्यामुळे एखाद्या बूथवर घड्याळाची मते निम्म्यावर आली, तर बूथ फिरला की बूथवरचा कार्यकर्ता फिरला, हे पत्रक सांगत नाही. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला विजयाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते आणि ‘पिपाणी’ चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ही मते ‘तुतारी’ आणि ‘पिपाणी’ या चिन्हांच्या साधर्म्यामुळे वळल्याचा आक्षेप हरलेल्या पक्षाने घेतला होता. अशा केंद्रावरील अपक्षाचा आकडा पाहून गाव प्रस्थापितांना कंटाळले, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला काय म्हणावे!

त्याच वर्षीच्या दोन निवडणुकांनीही सावध व्हावे. राज्यात लोकसभेला ४८ पैकी १७ जागांवर थांबलेल्या महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी नोव्हेंबरच्या विधानसभेत २८८ पैकी २३० जागा घेतल्या. मध्ये काही महिन्यांचेच अंतर आहे, म्हणून या दोन पत्रकांची केंद्रवार तुलना मला सर्वांत उपयुक्त वाटते: कोणत्या वस्तीने दोन्ही वेळा तोच कौल दिला आणि कोणती वस्ती उमेदवार पाहून मत देते, हे तेथे स्वच्छ दिसते. याउलट २००४ आणि २००९ ची पत्रके शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, कारण मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली. ग्रामपंचायतीचे पॅनेल तर पक्षचिन्हावर लढतच नाही, तेव्हा सरपंच ‘आमचाच’ असल्याचे दावे या कागदावर तपासता येत नाहीत.

एक दोष मात्र या सोयीच्या मुळातच आहे, आणि माझ्यासारखा वाचक त्याचाच लाभ घेतो. मतदारयादी वस्तीनुसार असते, वस्ती पुष्कळदा भावकीनुसार आणि जातीनुसार असते, आणि छोट्या वाडीचे केंद्र काहीशे मतदारांचे असू शकते. अशा ठिकाणी एका माणसाचे मत गुप्त राहिले, तरी वस्तीचे राहत नाही. निवडून आलेल्याला कोठे पाणी आधी द्यायचे आणि कोठला रस्ता लांबवायचा, याचा जणू नकाशाच मिळतो. मतपत्रिकांच्या काळात, धाकदपटशाची भीती असेल तेथे, मोजणीपूर्वी मतपत्रिका मिसळण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यावर अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, तो अमलात आलेला नाही. तो आला तर हे परीक्षण निरर्थक ठरेल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नसेल.

तोवर अभ्यासकाने, वार्ताहराने आणि पारावर पैज लावणाऱ्यानेही हे पत्रक जरूर उघडावे, मात्र जोडीला केंद्रांची यादी आणि एक मोकळी संध्याकाळ ठेवावी. केंद्राच्या नावाचा आणि मतदारसंख्येचा असे दोन स्तंभ त्यात वाढवले, तर त्या संध्याकाळचे निम्मे काम वाचेल.