कार्ब उघडलाच नाही, बिल मात्र पूर्ण ओव्हरहॉलचं : जुनी आउटबोर्ड मोटर असलेल्यांनी नक्की वाचा

जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा, कारण माझी धडधाकट मोटर भंगारात जाता जाता वाचली आहे आणि हे दुसऱ्या कुणासोबत होऊ नये असं मनापासून वाटतं.

मोटर वडिलांची. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आणि हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्ब (कार्ब्युरेटर) एकच. मध्ये बरेच महिने होडी बाहेर काढली नव्हती आणि पेट्रोल कार्बमध्ये तसंच राहून गेलं. नंतर सुरू करायला गेलो तर चोक (हवा अडवून पेट्रोल जास्त देणारी कळ) ओढला की दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला सुरू व्हायची आणि चोक आत ढकलला की फुस्स करून बंद. चोक अर्धा ठेवला तर कशीबशी चालायची. ही तक्रार आता मला पाठ झालीये, पेट्रोल उडून जातं, मागे चिकट वार्निशसारखा थर राहतो आणि आयडल जेटचं, म्हणजे इंजिन अगदी हळू फिरताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं, मग हळू स्पीडला इंजिनला पेट्रोलच पुरत नाही. पण तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

एका मेकॅनिककडे नेली. त्याने एकदा दोरी ओढून बघितली आणि लगेच सांगितलं की कार्ब पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल, नवीन किट टाकावं लागेल, म्हणजे गॅस्केट, फ्लोटची नीडल (कार्बमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई), ती जिथे बसते ती सीट, सगळं. म्हटलं करा. काही दिवसांनी गेलो तर कार्ब बाहेरून चकाचक, पाण्याच्या ड्रममध्ये मोटर लावलेली, एका हिसक्यात सुरू झाली, चोक आत ढकलूनही चालू राहिली. मी खूश. जुने पार्ट मागितले तर म्हणाला फेकून दिले, कचराच तो. तिथेच मला थांबायला हवं होतं.

पाण्यात घातल्यावर पहिली गोष्ट खटकली ती म्हणजे गिअर टाकताना खाडकन आवाज. आधी कधीच एवढा यायचा नाही. पुढे गेल्यावर फुल थ्रॉटलला मस्त पळाली, परत येताना मी धक्क्याजवळ स्पीड कमी केला आणि मोटर बंद. परत सुरू केली, गिअर टाकला, बंद. वारा होडीला दगडांकडे ढकलत होता आणि मी वल्ही मारत होतो, सोबत पुतण्या होता, लाइफ जॅकेट घातलेलं होतं तरी माझ्या पोटात गोळा आला होता.

त्या मेकॅनिकने काय केलं होतं ते नंतर कळलं. आयडल स्पीडचा स्क्रू पिळून ठेवला होता, बस्स. त्यामुळे थ्रॉटल (हवेची झडप) कायम थोडा उघडा राहतो, इंजिन जास्त आरपीएमवर फिरतं आणि बुजलेल्या आयडल जेटवाचूनही ड्रममध्ये चालू राहतं. बघणाऱ्याला वाटतं दुरुस्त झाली. पण एवढ्या आरपीएमला गिअर टाकला की आतल्या क्लचच्या दातांवर दणका बसतो, म्हणजे दुरुस्ती राहिली बाजूला, नवीन नुकसान सुरू.

परत त्याच्याकडे गेलो (दुसरं कुणी माहीत नव्हतं हो). आता त्याने कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावला, थ्रॉटल बंद ठेवूनच दोन अर्धवट हिसके दिले (असं केलं की हवा आत कमी जाते आणि आकडा कमीच येतो) आणि ६० पीएसआय दाखवून म्हणाला, पिस्टन-रिंग गेल्या, हिच्यात आता पैसे घालू नका, भंगाराच्या भावात मी ठेवून घेतो. चेहरा असा की जणू माझं भलंच करतोय. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. वडिलांची आठवण म्हणून म्हटलं, घरी विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याने एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी काहीही बोलायच्या आधी दोन्ही प्लग काढले, इग्निशन बंद केलं, गेज नीट आवळला, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि सलग पाच हिसके. एक सिलिंडर ११०, दुसरा ११२. म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे, तुम्हाला कोण म्हणालं गेलं म्हणून?" मला बोलताच येईना.

मग माझ्यासमोर कार्बची वाटी (पेट्रोल साठतं तो खालचा भाग) उघडली. स्क्रू निघाले तरी वाटी सुटेना, जुनं गॅस्केट दोन्ही बाजूंना असं चिकटून बसलेलं की ओढल्यावर मधोमध फाटलं, अर्धं वर राहिलं अर्धं खाली. वाटीच्या तळाशी तपकिरी थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. नवीन किट टाकलेल्या कार्बमध्ये हे असूच शकत नाही. स्प्रे मारून बाहेरून पुसला होता, एवढंच काम.

त्यांनी जेट काढून क्लीनरमध्ये भिजवले, प्रत्येक भोकातून हवा मारली, तार कुठेच घातली नाही. पितळी जेटमध्ये स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर कायमचं बिघडतं, हे त्यांनी दोनदा बजावलं. फ्लोट नीडल, गॅस्केट नवीन. मिक्श्चर स्क्रू बोटाने अलगद टेकवून दीड आटा मागे घेतला आणि बारीक सेटिंग मोटर गरम झाल्यावर, गिअरमध्ये टाकून केलं. (दीड आटा माझ्या मोटरचा, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा.) पेट्रोलच्या पाइपला, हाताने दाबून पेट्रोल चढवायच्या रबरी बल्बजवळ चीर होती, तीही तेव्हाच सापडली आणि पाइप बदलला.

म्हणून सांगतो, कार्ब कुणाकडेही द्या पण वाटी समोर उघडायला लावा, निदान आधीचे-नंतरचे फोटो मागा. जुनं गॅस्केट आणि नीडल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चाचणी घेताना तुमचीच टाकी आणि तुमचाच पाइप लावा, मोटर चांगली गरम होऊ द्या, चोक आत ढकललेला, मग अगदी हळू आयडलवर पाच-दहा मिनिटं चालू दे आणि गिअर टाकून बघा, फुल थ्रॉटलवर भुलू नका. आणि कॉम्प्रेशन नाही म्हणून कुणी मोटर विकत मागत असेल तर दुसरीकडे मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

फाटलेल्या गॅस्केटचे दोन्ही तुकडे घेऊन मी पहिल्या मेकॅनिककडे गेलो होतो. पोराने केलं असेल म्हणाला, पैसे परत दिले नाहीत. निघताना त्याच्या शेडच्या कोपऱ्यात बघितलं, ताडपत्रीखाली तीन जुन्या आउटबोर्ड उभ्या होत्या, तिन्हींवर विकायला आहे म्हणून पाट्या लावलेल्या.