चूर्णाच्या पुडीत निघालं स्टेरॉइड

आईचे गुडघे गेली आठ वर्षं धरलेले. गेल्या दिवाळीत ओळखीतल्या एकाने संधिवाताचं 'शुद्ध आयुर्वेदिक' चूर्ण सुचवलं. महिन्याच्या पुड्यांचे 2,800 रुपये. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी तपासणीचा अहवाल मागितला. विक्रेत्याने लगेच एलसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचे भार मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पाठवला. अश्वगंधेचं विथाफेरिन ए, शल्लकीची बॉस्वेलिक आम्लं, सुंठीचं जिंजेरॉल. प्रत्येकापुढे रेणुभार, शेजारी पीक, म्हणजे आलेखातलं टोक. आकडे जुळत होते. मी पैसे पाठवले.

तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता जिना उतरली. चूर्णाचा गुण इतक्या झटपट येतो का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण किती दिवसांनी ती हसत खाली आली होती!

दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, जरा हात लागला तरी दंडावर निळे डाग उमटू लागले. साखर कधीच नव्हती, ती जेवणानंतर 260 निघाली. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन विचारलं, "भूक फार वाढलीय का हो यांची?" वाढली होती.

उरलेल्या पुड्यांतल्या दोन मी प्रयोगशाळेत दिल्या. आलेखात 393 भारावर ठसठशीत पीक होतं आणि तो आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, फोडल्यावर 373 चा तुकडा. मधला 20 चा फरक हायड्रोजन फ्लोराइडचा. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ यांच्या रेणूंत फ्लोरिन कुठून येणार? डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन या फ्लोरिन असलेल्या दोन स्टेरॉइडांचा रेणुभार एकच, म्हणून त्यांच्या शुद्ध प्रमाण नमुन्यासोबत यंत्राच्या स्तंभातून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, वेगळं करून पाहिलं. डेक्सामेथासोनच होतं. शिवाय 296 आणि 298 ची जोडी, दोन क्लोरिनची खूण: डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक.

मग तो पहिला रिपोर्ट पुन्हा काढला. त्यातले आकडे खरे असतीलही. पण ठरावीक घटकच शोधायला सांगितले तर रिपोर्टमध्ये तेवढेच येतात. बाकी पुडीत काय आहे, याबद्दल त्यात अक्षर नसतं. बॅच नंबरची जागा कोरी होती. तळाशी बारीक अक्षरांत 'नमुना ग्राहकाने दिलेला' असं छापलेलं. वर्गात मुलांना नमुना कुठून आला हे आधी विचारायला शिकवणारी मी, हे वाचलंच नव्हतं. याची टोचणी अजून जात नाही.

कुणाच्या घरी असं चूर्ण चालू असेल तर कृपा करून ते मनानेच एकदम थांबवू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम कमी करतात. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. आईला डॉक्टरांनी मोजून स्टेरॉइडची गोळी दिलीय, ती हळूहळू कमी करताहेत. उरलेल्या पुड्या मी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या.

आणि तपासणी करून घ्यायची असेल तर न फोडलेली पुडी स्वतः नेऊन द्या, अर्जावर 'स्टेरॉइड आणि वेदनाशामकांची भेसळ शोधावी' असं स्पष्ट लिहा, आणि रिपोर्टवर त्याच पुडीचा बॅच नंबर घालून घ्या.