परकीय भाषा एक की दोन? शाळांच्या 'फॉरेन लँग्वेज' पॅकेजचं परीक्षण

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या काही इंग्रजी शाळांच्या माहितीपत्रकात आता 'फॉरेन लँग्वेज'चा रकाना असतो. जर्मन, फ्रेंच, जपानी. कुठे एक निवडायची, कुठे जादा फी भरून दोन. गुण आधीच देऊन टाकतो. एकच भाषा आणि आठवड्याला तीन तासिका असतील तर पाचपैकी साडेतीन. तेवढ्याच वेळात दोन भाषा कोंबलेल्या असतील तर पाचपैकी एक, तोही गॅदरिंगला दोन भाषांत गाणं होतं म्हणून.

हिशेब मांडून पाहा. बहुतेक ठिकाणी आठवड्याला दोनच तासिका मिळतात, म्हणजे वर्षाला कागदावर सत्तर. गॅदरिंग, घटक चाचण्या, स्पोर्ट्स, अचानक सुट्ट्या वजा केल्या की पंचावन्न उरल्या तरी खूप. तासिका चाळीस मिनिटांची धरली तर ४५ मिनिटांच्या मापाने त्या ४९ भरतात. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी ग्योथे इन्स्टिट्यूट ए१ या सगळ्यात खालच्या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका सांगते आणि तिच्या वरच्या ए२ साठी सुरुवातीपासून २०० ते ३५०. म्हणजे एकच भाषा घेतली तरी ए१ च्या उंबऱ्यापर्यंत जायला दोन वर्षं लागतात. त्याच तासिका दोन भाषांत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला २४ येतात आणि उंबरा सव्वातीन वर्षांवर जातो. तोही लेकराने उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच विसरलं नाही तर. आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या भाषेचं क्रियापद पुढच्या आठवड्यात पुन्हा नवंच वाटतं. शिक्षकाची निम्मी तासिका मागचं उजळण्यात जाते.

शिवाय लेकराची पाटी कोरी नसते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी आहे, इंग्रजी आहे, बहुतेक ठिकाणी हिंदी आहे. देगलूर-बिलोलीकडे घरात किंवा बाजारात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, संभाजीनगरच्या जुन्या शहरात दखनी. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असं सांगतं आणि परकीय भाषांचं नाव माध्यमिक टप्प्यावर घेतं. तेव्हा जर्मन किंवा जपानी ही खरं तर चौथी भाषा. दोन घेतल्या की चौथी आणि पाचवी. त्यांचे गुण निकालात धरतात की नुसती श्रेणी देतात, हे शाळेकडून लेखी घ्या. श्रेणी असेल तर दहावीच्या वर्षी त्या तासिका गणिताकडे वळतात, हे गृहीतच धरा.

एक कोणती घ्यायची, यात मराठी बोलणाऱ्याच्या हाती काही आयते पत्ते असतात आणि शाळा ते वापरतच नाहीत.

जर्मनला तीन लिंगं आहेत. इंग्रजीतून शिकवलं तर ती कटकट वाटते, पण तो, ती, ते म्हणणाऱ्याला त्यात नवल नाही. आकडेही ओळखीचे: एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस मागून म्हणतो, जर्मनही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजे एक-आणि-वीसच म्हणतो. 'कारण मी आजारी आहे' याचं जर्मन 'वाइल इश क्रांक बिन'. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. जर्मन झेडचा उच्चार 'चमचा'तला च. घोटाळा होतो तो वहीत शब्दांवर देवनागरी उच्चार लिहिल्याने. टिंबवाला यू (ü) देवनागरीत बसत नाही, मग पाच म्हणजे 'फ्युन्फ' होतं आणि ते पुढे सुटत नाही. उपाय सोपा आहे: तोंडातून 'ई' काढत राहायचं आणि ओठांचा आकार तेवढा 'ऊ'चा करायचा. दोन आठवडे रोज पाच मिनिटं आरशासमोर केलं तर बसतं. आणि नाम एकटं पाठ करायचं नाही, लिंग दाखवणाऱ्या डेर-डी-डास सकट करायचं. नंतर लिंग चिकटवायचं म्हटलं तर निम्म्या वेळा चुकतं.

जपानीची वाक्यरचना तर घरचीच. 'मी भात खातो', 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु': क्रम तोच, आणि नामामागे 'ओ', 'नि', 'दे' लागतात ते आपल्या ला, त, ने सारखे. खर्च लिपीवर होतो. हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६ मूळ अक्षरं, रोज पंधरा मिनिटं दिली तर सहा आठवड्यांत उरकतात. काताकानातले 'शि' आणि 'त्सु' जुळ्या भावांसारखे दिसतात. 'शि'च्या लहान रेघा डाव्या कडेला एकाखाली एक असतात, 'त्सु'च्या वरच्या कडेला शेजारीशेजारी. मोठी रेघ 'शि'त खालून वर जाते, 'त्सु'त वरून खाली येते. शिक्षक हे हात धरून गिरवून घेत नसेल आणि वर्षभर रोमन अक्षरांवरच चालवत असेल, तर ती जपानी नव्हे. संभाजीनगर जिल्ह्यातच गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना परकीय भाषा निवडायला सांगितलं. रोबोटिक्सच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली आणि तिच्यावरच भर राहिला. फीवाल्या शाळांनी एवढं तरी बघावं.

फ्रेंचबद्दल थोडक्यात. अनुनासिकं मराठी नाकाला जमतात, शेवटची न उच्चारली जाणारी अक्षरं जमत नाहीत, आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. भाषा छान आहे, पण शिक्षक मध्येच सोडून गेला तर मराठवाड्यात दुसरा मिळायला वेळ लागतो. वाळूज-शेंद्रा पट्ट्यातल्या कंपन्यांकडे पाहून निवडायचं असेल तर जर्मन पुढे. वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटनाकडे पाहून जपानी.

दोन भाषा सोबत घेतल्या की काय होतं ते एका जोडीत दिसतं. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. चंद्र बरोबर उलट. मराठीत दोघंही पुल्लिंगी. एकाच वर्षी दोन्ही शिकणारं लेकरू तिसऱ्या चाचणीपर्यंत तिन्हींची खिचडी करतं, आणि तपासणारे दोघे शिक्षक एकमेकांशी बोलत नसल्याने ती निस्तरायला कुणीच नसतं. दुसरी भाषा हवीच असेल तर पहिलीची ए२ झाल्यावर, म्हणजे साधारण नववी-दहावीनंतर. आणि ती दूरच्या घराण्यातली घ्या. जर्मननंतर जपानी चालेल, फ्रेंचसोबत स्पॅनिश सुरुवातीला नकोच.

फी भरण्याआधी शाळेत एक काम करा. दोन वर्षं शिकलेल्या एखाद्या सातवीतल्या मुलाची वही मागा. पानंच्या पानं शब्दार्थ आणि फळ्यावरून उतरवलेले संवाद असतील तर वही मिटा. स्वतः जुळवलेली, लाल शाईने दुरुस्त केलेली वाक्यं शोधा. मग त्या मुलाला विचारा, आज डब्यात काय आणलंस ते त्या भाषेत सांग. चार वाक्यं आली तर शाळा चांगली. शिक्षकाची पातळी विचारायला लाजू नका: बी२ च्या (ए२ हून दोन पायऱ्या वरच्या पातळीच्या) खालचा शिक्षक मुलांच्या चुका पकडू शकत नाही. वर्गात तीसच्या वर मुलं असतील तर बोलायची पाळी महिन्यातून एकदा येते, आणि ऐकण्याच्या सरावाला ऑडिओ लावत नसतील तर परीक्षेत पहिला गुण तिथेच जातो.

परीक्षा शाळेच्या प्रमाणपत्रावर सोडू नका. मुलांसाठी ग्योथेची 'फिट इन डॉइच १' आहे, पास व्हायला १०० पैकी ६० लागतात. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेला १०० पैकी ५०, आणि चारही भागांत २५ पैकी किमान ५ हवेत, नाहीतर एकूण बेरीज चांगली असूनही नापास. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तिच्या सगळ्यात सोप्या एन५ पातळीला १८० पैकी ८० लागतात, त्यातही ऐकण्यात ६० पैकी १९. तिच्यात बोलणं तपासतच नाहीत, म्हणून एन५ पास मुलगाही पाहुण्यापुढे गप्प बसू शकतो. या परीक्षांचं राज्यातलं जवळचं मोठं केंद्र पुणे. संभाजीनगरहून सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, लातूर-नांदेडहून आणखी लांब, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला निघा. जेएलपीटीचे अर्ज काही महिने आधी सुरू होतात आणि जागा लवकर भरतात. शाळा अर्ज भरून देते का, की पालकांनी भरायचा, हे जूनमध्येच विचारून ठेवा.